पुढं ५८, मागं ७१ : एका स्विफ्टच्या चार टायरांचं प्रकरण

भाच्याची स्विफ्ट २०१८ सालची. पेट्रोल, मॅन्युअल, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला मागून सुटली आणि दीड गिरकी घेऊन बाहेरच्या मातीत उलट्या तोंडानं थांबली. भाच्याला खरचटलंही नाही. मागचा बंपर एका कोपऱ्यात तडकला, डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाच्या, कडेत पसाभर माती भरली, आणि पुण्याहून बाराशे किलोमीटर गाडी हाकत आलेल्या पोराचा चेहरा मात्र पार उतरला.

पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथं) आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, एवढे महागाचे टायर घातलेत, तरी ही सुटलीच कशी?"

मी म्हणालो, "घातलेत म्हणूनच सुटली."

हे मी तेव्हा जरा तोऱ्यातच बोललो. खात्री नव्हती, अंदाज होता. दिवसातली उरलेली तीन सेशन आम्ही लॅप टाइमच्या मागं न लागता त्या अंदाजाची परीक्षा घेण्यात घालवली. त्याची ही हकीकत. मी चाकणला रबर बुश बनवणाऱ्या कारखान्यात गेली वीस वर्षं आहे. टायर हा माझा धंदा नव्हे, पण रबर आहे, आणि माझ्या बॅगेत रबराचा कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर असतो. बायको त्याला 'तुझा थर्मामीटर' म्हणते.

गाडीवर काय होतं

या गाडीला कंपनीतून १८५/६५ आर १५ मापाचे टायर आले होते, म्हणजे रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, डिस्क १५ इंची. चारही टायर तेच, तारखेचा छाप १२१८, म्हणजे २०१८ सालच्या बाराव्या आठवड्यातले. साठ हजार किलोमीटर झाले तरी नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, चारेक मिलिमीटर. नक्षी शिल्लक असली की आपल्याकडे टायर 'चांगला' ठरतो. रबर मात्र वर्षांनी म्हातारं होतं, नक्षीनं नव्हे.

भाच्याला हवे होते ट्रॅकसाठीचे मऊ टायर, ज्यांच्या कडेवर ट्रेडवेअर (झिजेचा आकडा) २०० असं लिहिलेलं असतं. चार हवे होते, मिळाले दोन. याचं कारण त्याचा आळस किंवा कंजुषी नाही. जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून परवान्याशिवाय बाहेरचा टायर आणता येत नाही. पंधरा इंची डिस्कला बसणारे असले मऊ टायर देशात मोजक्याच हातांतून फिरतात. कोणी गाडी विकतो, कोणाची आवड संपते, तेव्हा जोडी बाहेर येते. बंगळुरूच्या एकाकडून त्याला १९५/५५ आर १५ मापाची एक जोडी मिळाली, छाप ३५२१. दुसरी जोडी येईपर्यंत काय करायचं, तर ही पुढं घालायची.

त्यामागचा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत ओढणं पुढच्या चाकांचं, वळवणं पुढच्या चाकांचं, ब्रेकचा बहुतेक भारही पुढच्यांवरच. मागची चाकं नुसती सोबतीला. मग चांगला माल पुढं नको का? ऐकायला हे इतकं बिनतोड वाटतं, की पुण्यात टायर बसवून देणाऱ्यानंही मान डोलावली होती. मी स्वतः तेव्हा हरकत घेतली नाही हेही इथंच लिहून ठेवतो.

एक गोष्ट त्यानं शहाणपणाची केली. पुण्याहून जाताना चारही चाकं जुनीच ठेवली आणि मऊ जोडी दुसऱ्या डिस्कांवर चढवून मागच्या सीटवर टाकून नेली. ट्रॅकवर पोचल्यावर फक्त पुढची दोन चाकं बदलली. संध्याकाळी याचा फार उपयोग झाला.

ते तीन लॅप

इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. आता त्याचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट झालंय, जुनी मंडळी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. मुख्य सरळ पट्टा संपला की उजवीकडं एक वेगवान वळण येतं. लहान इंजिनाच्या गाडीलाही तिथं चांगला वेग असतो, आणि म्हणूनच तिथं केलेली चूक महागात पडते.

गाडीत मोबाइल लावलेला होता. त्यातलं चित्रण नंतर आम्ही दहा वेळा तरी पाहिलं असेल. पहिल्या लॅपला काहीच वावगं नाही. गाडी नेहमीसारखी, जरा जड, नाक किंचित बाहेर जाणारी. दुसऱ्या लॅपला भाचा मोठ्यानं म्हणतो, "आता चिकटली!" आवाजातच आनंद आहे. स्टेअरिंग फिरवलं की नाक लगेच आत. तोच त्याचा दिवसातला सगळ्यात वेगवान लॅप ठरला.

तिसऱ्या लॅपला सरळ पट्ट्यावरून तो आधीपेक्षा जास्त वेगात वळणात शिरला. पुढं एक हळू गाडी दिसली. ती बरीच लांब होती, पण याचा पाय दचकला आणि त्यानं वळणाच्या मधोमध रेस (ॲक्सिलरेटर) सोडली. शेपूट डावीकडं निघालं. स्टेअरिंग उलट फिरवण्याइतका तो सावध होता, पण दुसऱ्या पायानं ब्रेक दाबला, आणि तिथं खेळ आटोपला. रेस सोडल्यापासून गाडी आडवी होईपर्यंत चित्रणात सव्वा सेकंद जातो.

पिटमध्ये मोजलेलं

गाडी ओढून आणावी लागली नाही, स्वतःच्या पायांनी आली. मार्शलनी तपासून सोडली. टायर गरम होते तोवर मी सुईच्या तापमापकानं आणि हवेच्या गेजनं आकडे घेतले. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्यामुळं भार डाव्या चाकांवर जास्त येतो, म्हणून डावीकडचेच सांगतो. पुढचा डावा ६८ अंश, मागचा डावा ४४. सकाळी पेट्रोल पंपावर चारही चाकांत ३३ पीएसआय हवा भरलेली होती. आता पुढं ३९ आणि मागं ३५.

मग ड्युरोमीटर लावला. शोअर ए मापावर पुढचा ५८, मागचा ७१. आकडा मोठा तेवढं रबर कडक. आमच्या कारखान्यात ५८ च्या जागी ७१ चा माल गेला तर ग्राहक ट्रक परत पाठवतो. इथं ते दोन माल एकाच गाडीच्या दोन टोकांना होते.

(ट्रेडवेअरचा आकडा पाहून पकड ठरवू नये हे जाता जाता. तो झिजेचा आकडा आहे, आणि प्रत्येक कंपनी आपल्या टायराला तो स्वतःच देते. दोन कंपन्यांचे २०० सारखे असतीलच असं नाही. ड्युरोमीटरही पकड मोजत नाही, पण निदान खोटं बोलत नाही.)

आता त्या तीन लॅपांची उकल होते. पहिल्या लॅपला पुढचे आणि मागचे दोन्ही टायर थंड होते. मऊ टायराला पकड यायला थोडी ऊब लागते, तोवर तो जुन्या टायराचा जेमतेम भाऊ असतो, म्हणून गाडी नेहमीसारखी वाटली. दुसऱ्या लॅपपर्यंत पुढचे तापले. फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये ते तापतातच, ओढणं-वळणं-ब्रेक सगळं त्यांच्याच माथी. मागचे मात्र नुसते गडगडत येतात, त्यांना तापायला पाच-सहा लॅप लागतात, आणि इतकं जुनं रबर तापलं तरी फारसं नरमत नाही. म्हणजे दोन टोकांतला फरक दुसऱ्या ते चौथ्या लॅपला सगळ्यात जास्त असतो. नेमका तेव्हाच चालकाला हुरूप येतो, कारण त्याच्या हातात जे येतं ते पुढच्या चाकांकडून. स्टेअरिंग मागच्या चाकांबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. ती बातमी बुडाखालच्या सीटमधून येते, आणि ती वाचायला वर्षं लागतात.

म्हणून मी म्हणतो, "आता चिकटली" या शब्दांतच अपघात होता. चिकटलं होतं ते अर्धंच.

कागदावरचा हिशेब

दुपारी जेवणाच्या वेळी टिश्यू पेपरवर मांडलेलं हे गणित आहे. ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसं.

गाडी आणि चालक मिळून ९५० किलो धरा. त्यातले ६२ टक्के पुढं, म्हणजे पुढच्या चाकांवर ५९० आणि मागच्यांवर ३६०. दोन्ही एक्सलमधलं अंतर २.४५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरू. रेस सोडल्यावर इंजिनाच्या ब्रेकनं आणि वळणातल्या ओढीनं गाडी ०.२ जी नं (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) मंदावली, तर मागचे चाळीसेक किलो पुढं सरकतात. मागं उरतात ३२०. ब्रेक दाबून ०.५ जी नं मंदावली तर शंभरेक किलो सरकतात आणि मागं २६० राहतात.

आता पकड, म्हणजे वरच्या दाबाच्या किती पट जोर टायर धरेल. मऊ टायराची १.०५ आणि जुन्याची ०.८५ मानू. हे मोजलेले आकडे नाहीत, मानलेले आहेत. स्थिर वेगानं वळताना पुढचं टोक १.०५ जी पर्यंत तग धरेल, मागचं ०.८५ पर्यंत. भाचा ०.८ जी नं वळत होता असं समजा. सगळं आलबेल. त्यानं रेस सोडली. मागच्या टोकाचं आडव्या दिशेनं ढकललं जाणारं वजन तेच राहिलं, ३६० किलोचं, पण चाकांवरचा दाब ३२० वर आला. मागची मर्यादा ०.८५ वरून ०.७६ वर घसरली. पुढचं टोक मात्र वाढलेल्या दाबानं १.१२ पर्यंत गेलं. गाडीला हवे होते ०.८. पुढं मुबलक शिल्लक, मागं तूट. एवढ्यावर त्यानं ब्रेक दाबला, म्हणजे मागच्यांवरचे आणखी साठ किलो काढून घेतले.

चारही टायर जुनेच असते तर? रेस सोडल्यावर शेपूट तेव्हाही थोडं हललं असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वळणात रेस सोडली की प्रत्येक गाडीचं शेपूट हलकं होतं. पण त्या वेगानं तो वळणात राहिलाच नसता. पुढच्या जड टोकाचे टायर आधी किंकाळले असते, नाक बाहेर गेलं असतं, आणि त्यानं आपणहून वेग कमी केला असता. मऊ टायरांनी त्याच्याकडून तो इशारा काढून घेतला.

मापातल्या फरकाचंही थोडं बोलायला हवं, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १८५/६५ आर १५ चा व्यास साधारण ६२१ मिमी, १९५/५५ आर १५ चा ५९५. म्हणजे गाडीचं नाक १३ मिमी खाली आलेलं. वजनावर याचा परिणाम नगण्य, पण पुढच्या टायराची भिंत १०७ मिमी उंच आणि मागच्याची १२०. आखूड भिंत स्टेअरिंगला लगेच उत्तर देते, उंच आणि थकलेली भिंत आधी मुरडते, मग जोर धरते. स्टेअरिंग झटकन फिरवल्यावर पुढचं टोक कामाला लागलेलं असतं तेव्हा मागचं अजून मुरडतच असतं. बैलजोडीत एक खिलार तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर नांगर तिरका जातो, तसलंच काहीसं. फक्त बैल शेजारी-शेजारी असतात आणि इथं मागं-पुढं, म्हणून हा दाखला अर्धाच लागू पडतो.

उरलेली तीन सेशन

दुसऱ्या सेशनला टायर तेच ठेवले, फक्त हवा बदलली. पुढची वाढवून गरम असताना ४२ वर नेली, म्हणजे त्यांची पकड मुद्दाम थोडी मारली, आणि मागची थंड असताना २७ वर आणली. मागच्या टायरांच्या खांद्यावर खडूनं रेघा मारल्या. चार लॅपांनी पाहिलं तर खडू खांद्याखालच्या त्रिकोणी खुणेच्याही पलीकडं, भिंतीपर्यंत घासून गेलेला. टायर कुशीवर वळत होता. मग ३० केली. भाचा या वेळी सावधपणे चालवत होता. त्याचं म्हणणं, सुरुवातीला जरा शांत वाटली, पाचव्या लॅपनंतर बरीच सुधारली, पण त्या उजव्या वळणात रेस जराशी कमी केली तरी शेपूट वळवळतंच. हवेनं फरक पडतो, पण १३ अंकांच्या कडकपणाची दरी हवेनं बुजत नाही.

हवेच्या फरकाचा एक जुना दाखला मला इथं आठवला. अमेरिकेत १९६० ते ६३ च्या शेवरोले कॉर्व्हेअरला कंपनीनं पुढं १५ आणि मागं २६ पीएसआय हवा सांगितली होती. इंजिन मागं, वजन मागं, त्यामुळं पुढची पकड मुद्दाम कमी ठेवून गाडी सरळ राखायची होती. टायर चारही सारखे, पण हवेतून केलेली ही भेसळ गाडीच्या रचनेचाच भाग होती. पंपावरच्या पोरानं चारही चाकांत सारखी हवा भरली की ती रचना बिघडायची. आमच्या पंपावरच्या ३३-३३-३३-३३ ची मला त्यामुळं जरा लाजच वाटली.

तिसऱ्या सेशनआधी चाकांची अदलाबदल केली. एकच जॅक होता, अर्धा तास गेला. मऊ जोडी मागं, म्हातारी पुढं. भाचा नाराज होता. "मामा, ही चाकं मागं लावून काय उपयोग? तिथं ती काय करणार?" मी म्हणालो, "काही करणार नाहीत. तेच बघायचंय."

झालं तसंच. गाडी आळशी झाली. प्रत्येक वळणात नाक बाहेर, पुढच्या डाव्या टायराचा खांदा कुरतडला गेला, तापमान ९२ पर्यंत चढलं कारण त्याच्याकडून नको तितकं काम करून घेतलं जात होतं. ब्रेकचं अंतर वाढलं आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) उगाचच लवकर कडकड करायला लागला. याचंही कारण बहुधा व्यासात आहे. मोठा टायर त्याच वेगाला सावकाश फिरतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा चार टक्के सावकाश फिरताना दिसली की एबीएसला वाटतं, ही घसरायला लागलीत. लॅप सकाळच्या सर्वोत्तमपेक्षा दोन सेकंदांनी मागं. पण मी सांगितल्याप्रमाणं त्यानं त्याच उजव्या वळणात, आधी कमी वेगात आणि मग नेहमीच्या वेगात, मुद्दाम रेस सोडून पाहिली. नाक आत आलं, शेपूट जागच्या जागी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. कंटाळवाणी, हळू, आणि घरी नेणारी गाडी.

दिवसाचं शेवटचं सेशन चारही जुन्या टायरांवर. तेच १२१८ छापाचे, तेच ७१ कडकपणाचे, ज्यांच्यावर बसून पुण्याहून आलो ते. हवा गरम असताना चारही ठिकाणी ३६ च्या आसपास आणली. इथं मला आश्चर्याचा धक्का बसला हे कबूल करतो. सकाळच्या सर्वोत्तम लॅपपेक्षा हा सर्वोत्तम फक्त सव्वा सेकंदानं मागं होता, आणि ओळीनं सहा लॅप एकमेकांपासून एका सेकंदाच्या आत. टायर चारही मिळून किंचाळत होते. भाचा उतरला तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा हसत होता.

या तुलनेवर आंधळा विश्वास ठेवू नका. संध्याकाळपर्यंत तो दिवसभर त्याच ट्रॅकवर फिरून शिकलेला होता, सकाळचा फिरकीचा धडा मिळालेला होता, आणि ट्रॅकही तापलेला होता. सकाळच्या टायरांना पुरते सहा लॅप मिळालेच नाहीत. पण सकाळचा तो वेगवान लॅप फिरकीच्या आधीचा शेवटचा लॅप होता, हे विसरून त्याची किंमत करता येत नाही.

उलट बाजूही आहे

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग पुढं-मागं वेगळे टायर हे पापच. तसं नाही. पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या. ९९२ मालिकेतल्या कॅरेरा एसला पुढं २४५/३५ आर २० आणि मागं ३०५/३० आर २१. डिस्कसुद्धा वेगळ्या. पण ती भेसळ कारखान्यात बसून, एकाच कंपनीच्या एकाच घडणीच्या जोड्यांवर ठरवलेली असते, आणि जास्तीचं रबर मागं असतं. इंजिन मागं आहे म्हणून तर आहेच, पण शेपूट जागेवर राहावं हाही त्यातला हिशेब आहे.

ब्रिटनमध्ये एक जुना नियम आहे: पुढं रेडियल आणि मागं क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे असलेला जुन्या घडणीचा टायर) अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. रेडियल नवा होता तेव्हा लोक अशीच जोडी घालायचे, चांगला माल पुढं. भाच्यानं केलं ते काही पहिल्यांदा केलं नाही.

आणि फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्या रेस करणारे काही जाणते लोक मागची पकड मुद्दाम कमी ठेवतात. मागं कडक स्प्रिंग, जास्त हवा, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा). गाडीचं नाक वळवून घ्यायचा तो त्यांचा मार्ग. टीसीआरसारख्या, फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या शर्यतीतही थंड मागच्या टायरांनी पहिल्या-दुसऱ्या लॅपला फिरणारे चालक दिसतात, आणि ते व्यावसायिक असतात. त्यांच्याकडं तशा गाडीला सांभाळायचा हात असतो, शेपूट निघालं की ते ब्रेक न दाबता रेस वाढवतात, म्हणजे पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. हे वाचून येत नाही. पाय आपोआप ब्रेककडं जातो, माझाही जाईल.

मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत हीच भेसळ केली तर रेस दिली तरी फिरते आणि सोडली तरी. चारही चाकांवर ओढणाऱ्या गाडीत व्यासातला चार टक्क्यांचा फरक गिअर-डिफरन्शियललाच खातो, तिथं हा प्रयोगही करू नये.

नंतर

परतीच्या वाटेवर भाच्याला एकच गोष्ट खुपत होती. चारही एकसारखे टायर असताना पहिल्या दोन लॅपांचं काय? मागचे तेव्हाही थंडच असतात ना? मला हा प्रश्न त्यानं विचारला याचा आनंद झाला, कारण याच्यातच सगळं आलं. एकाच छापाचे, एकाच दिवसाचे चार टायर घातले तरी ट्रॅकवर उतरल्यापासून काही मिनिटं पुढं एक आणि मागं दुसरा टायर असल्यासारखीच गाडी असते. फरक एवढाच, की ती दरी लहान असते आणि दोन-चार लॅपांत बुजते. त्यानं आता ठरवलंय की पहिले तीन लॅप वेगवान वळणात पाय स्थिर ठेवायचा, वेग मिळाला नाही तरी चालेल, आणि पुढच्या गाडीसाठी मंदावायचं तर ते वळणाच्या आधी.

बंपर त्यानं बदलला नाही. तडा पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडलाय. मऊ जोडी गच्चीत, उन्हात ठेवली होती, ती मी घरात आणायला लावली. उन्हात ५८ चे ६५ व्हायला वेळ लागत नाही.

परवा त्याचा फोन आला. हैदराबादहून मऊ टायरांची दुसरी जोडी मिळतेय. कंपनी तीच, माप तेच, १९५/५५ आर १५. छाप मात्र ०८२३, म्हणजे पहिल्या जोडीपेक्षा दीड वर्षानं तरुण. "चालेल का मामा? आता तरी चारही सारखे झाले ना?"

मी त्याला म्हणालो, घे. आल्यावर आधी चारही मोजू. आणि ०८२३ वाली जोडी मागं जाईल.

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "नवी जोडी, मागं. बरं."